मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात ओटीपोटाचं तीव्र दुखणं: सोलापुरात उपचार घेताना आधी काय, नंतर काय

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे बारीक भाग. त्यांचा आजार (थोडक्यात 'मायटो') असलेल्या बाईचं ओटीपोट दुखायला लागलं की घरचे हमखास दोनपैकी एक चूक करतात. एक तर स्त्रीरोगतज्ज्ञांना मूळ आजाराबद्दल सांगतच नाहीत. "पाळीच्या दुखण्यात स्नायूंच्या आजाराचा काय संबंध?" असं वाटतं, आणि मग गोळ्या, सलाईन, सुया, प्रसंगी ऑपरेशन, सगळं नेहमीच्या पेशंटसारखं होतं. नाही तर याच्या अगदी उलट. दुखणं त्या एका आजाराच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे होतात, आणि ओटीपोटाची नीट तपासणी वर्षानुवर्षं होत नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), मुतखडा, गर्भाशयाच्या नळ्यांचं इन्फेक्शन, अंडाशयाची गाठ हे सगळं मायटोचा आजार असलेल्या बाईलाही होतं. त्यामुळे दुखण्याला स्वतःचं निदान मिळालंच पाहिजे, आणि त्यावरचा प्रत्येक उपचार मूळ आजाराच्या चाळणीतून गेला पाहिजे. पुढचा सगळा क्रम या दोन गोष्टींसाठी आहे.

लेख बायकांच्या दुखण्याबद्दल आहे. पुरुषांना ओटीपोटात, लघवीच्या जागी किंवा गुदाजवळ दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागी युरोलॉजिस्ट धरा. औषधं, उपाशी राहणं आणि भूल याबद्दलचे टप्पे त्यांनाही लागू आहेत.

## टप्पा १: आज रात्रीच जायचं की अपॉइंटमेंट घ्यायची?

फाईल, वही, क्रम हे सगळं नंतर. खालीलपैकी काही असेल तर लगेच निघा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

- पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणं. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते.
- अचानक एका बाजूला असह्य कळ आणि सोबत उलट्या. अंडाशयाला पीळ पडला असेल तर तासांचा प्रश्न असतो.
- थंडी वाजून ताप, घाण वासाचा स्राव.
- पोट फुगलंय, शौचाला होत नाही, वायूही सरत नाही, उलट्या चालू.
- लघवी तुंबली, किंवा दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला.
- मायटोच्या पेशंटसाठी खास: उलट्यांमुळे दिवसभर पोटात काही टिकलं नाही, श्वास जलद चाललाय, गुंगी किंवा गोंधळलेपणा, नवीन अशक्तपणा, फीट, दृष्टी धूसर.

शेवटच्या मुद्द्याबाबत एक गैरसमज आहे. "दुखण्यानं दमलीय, झोपू दे" असं म्हणून घरचे थांबतात. या आजारात उपाशीपोटी, उलट्या होऊन आलेली गुंगी म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल (लॅक्टेट) वाढल्याची खूण असू शकते. झोपू देऊ नका, कॅज्युअल्टीत न्या.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "पोट दुखतंय" असं नको. असं सांगा: "डॉक्टर, हिला मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. शुगर आणि लॅक्टेट बघा, आणि कुठलीही सुई देण्याआधी हा कागद वाचा." लघवीची गरोदरपणाची चाचणी करायला सांगतील. लग्न झालेलं असो वा नसो, सांगतातच. सासूबाईंनी किंवा आईनं त्यावरून वाद घालू नये.

## टप्पा २: एका पानाचा कागद

जाडजूड फाईल ओपीडीत कुणी वाचत नाही. तेवढा वेळच नसतो. दोन्ही डॉक्टरांच्या हातात एकच पान पडलं पाहिजे. त्यावर काय हवं:

नाव, वय, वजन, रक्तगट. आजाराचं पूर्ण नाव आणि जनुकीय रिपोर्टमधला बदल जसाच्या तसा. "मायटोचा प्रॉब्लेम" एवढं पुरत नाही, कारण कुठला बदल आहे यावर कुठलं औषध धोक्याचं हे ठरतं. जनुकीय टेस्ट झालेली नसेल तर "टेस्ट झालेली नाही" असं स्पष्ट लिहा.

मग कोणत्या अवयवांवर आजाराचा परिणाम झालाय: हृदय, डोळे, कान, लिव्हर, किडनी, आतडी, साखर, फीट, श्वासाचे स्नायू. शेवटचा ईसीजी आणि इको कधी झाला. पेसमेकर किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर ते मोठ्या अक्षरात, कारण त्यावर एमआरआय करता येईल की नाही हे अवलंबून असतं.

मग चालू औषधं, डोससह. कोएन्झाइम क्यू-१०, कार्निटिन, रायबोफ्लेविन ही "टॉनिकं" म्हणून वगळू नका. वैद्यांकडचे काढे, भस्म, झाडपाल्याची औषधं, मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या गोळ्या, सगळं लिहा.

आणि आईकडचं नातं. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून आई, मामा, मावशी आणि मावशीची मुलं यांच्यापैकी कुणाला कमी ऐकू येणं, लवकर सुरू झालेला मधुमेह, फीट, कमी वयात लकव्यासारखा झटका असं काही असेल तर लिहा. मामाची मुलं या यादीत येत नाहीत. आजार पेशीच्या केंद्रकातल्या जनुकामुळे असेल तर हे गणित बदलतं, वडिलांकडची माहितीही लागते.

तपासा: कागदावर न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियनचं नाव, फोन आणि शक्य असेल तर सही-शिक्का आहे ना? पेशंटच्या अक्षरातल्या कागदापेक्षा शिक्क्याच्या कागदाला वजन असतं. दिसायला बरं नसलं तरी हे असंच आहे.

सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी कुटुंबं भरपूर आहेत. दुखणं माणूस आपल्या भाषेतच नीट सांगतो. तेव्हा पेशंटला मराठी अवघड जात असेल तर कागद मराठी-इंग्रजीत तयार ठेवा, पण दुखण्याचं वर्णन तिला तिच्या भाषेत करू द्या आणि सोबतच्यानं मधे न बोलता भाषांतर करून सांगावं. "तिला काय कळतंय, मी सांगतो" म्हणणारा सोबती नको.

## टप्पा ३: दुखण्याची वही, दोन पाळ्या तरी

"फार दुखतं" यावरून काही ठरत नाही. साध्या वहीत रोज दोन-तीन ओळी लिहा. एक नमुना देतो:

"मंगळवार, पाळीचा दुसरा दिवस. पहाटे ४ ला कळ, डावीकडे, मांडीपर्यंत. १० पैकी ८. संडासला बसताना सुरी खुपसल्यासारखं. उलटी एक. ४.३० ला मेफेनॅमिकची गोळी, ६ ला ५ वर आलं. काल रात्री ८ नंतर काही खाल्लं नव्हतं. दुपारी जिना चढवेना."

अनुभवी डॉक्टर यातून खूप काही वाचतात. पाळीत शौचाला होताना होणारी तीव्र वेदना गर्भाशयामागच्या एंडोमेट्रिओसिसकडे बोट दाखवते. मांडीपर्यंत जाणारी कळ नसेकडे किंवा मूत्रनलिकेकडे. गोळीनं किती फरक पडला तेही दिसतं. आणि शेवटच्या दोन वाक्यांतून न्यूरॉलॉजिस्टना कळतं की दुखण्याच्या दिवशी उपास घडतोय आणि त्यामुळे स्नायूंची ताकद खाली येतेय.

पाळी नसलेल्या दिवशीही लिहा. दुखणं पाळीशी बांधलेलं आहे, लघवी भरल्यावर वाढतं, बद्धकोष्ठात वाढतं, संबंधांच्या वेळी होतं की दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी ठणकतं, यावर पुढची दिशा ठरते. संबंधांबद्दल लिहायला संकोच वाटतो, हे खरं. पण हीच माहिती सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. डॉक्टरांना सांगा, "आईंना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगता का?" हे सांगण्यात गैर काही नाही.

## टप्पा ४: कुणाकडे आधी

क्रम असा ठेवा. आधी तुमचे नेहमीचे न्यूरॉलॉजिस्ट किंवा फिजिशियन: फक्त कागदावर सही घ्यायला, आणि "कुठली औषधं टाळायची" हे लिहून घ्यायला. मग स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यानंतर गरज पडेल तसे पोटविकारतज्ज्ञ, युरोलॉजिस्ट, फिजिओथेरपिस्ट.

बहुतेक लोक उलटं करतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरची औषधं सुरू होतात आणि पंधरा दिवसांनी न्यूरो डॉक्टर ती बदलतात. मग पेशंटला वाटतं दोघांचं पटत नाही. खरं तर दोघांना एकमेकांचं लिहिलेलं दिसलेलंच नसतं.

सरकारी मार्ग घ्यायचा तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, एकाच छताखाली मेडिसिन, स्त्रीरोग आणि भूलशास्त्र हे विभाग मिळतात. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. केसपेपर काढताना स्त्रीरोगाचा काढा आणि तिथूनच मेडिसिनकडे रेफरन्स लिहून मागा, म्हणजे दोन्ही नोंदी एकाच कागदावर येतात. गर्दी असते. खायचा डबा आणि पाण्याची बाटली सोबत हवीच.

खासगीत गेलात तर डॉक्टर निवडताना एकच गोष्ट विचारा: "माझ्या न्यूरो डॉक्टरांशी तुम्ही फोनवर बोलाल का?" हो म्हणणारा डॉक्टर मोठ्या बोर्डापेक्षा मोलाचा.

## टप्पा ५: तपासण्या, आणि त्या बिघडतात कुठे

सोनोग्राफी. पहिली चूक इथेच होते. "सोनोग्राफी आहे" म्हटलं की घरचे पेशंटला रात्रीपासून उपाशी ठेवतात. पोटावरून ओटीपोटाची सोनोग्राफी करायला लघवी भरलेली लागते, रिकामं पोट लागत नाही. पूर्ण पोटाची करायची असेल तर मात्र काही तास उपाशी राहायला सांगतात. तेव्हा आधी फोन करून विचारा, आणि उपाशीच राहायचं असेल तर पहिला नंबर मागा. ज्यांना लघवी तुंबण्याचा त्रास आहे त्यांनी लिटरभर पाणी पिऊन तासभर कळ काढू नये, तिथल्या माणसाला आधी सांगावं.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत बारीक गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात, आणि तिला लघवी रिकामी करून जायचं असतं. अविवाहित मुलीला ती नको असेल तर नकार देता येतो, पोटावरून करतात.

सावध: "सोनोग्राफी नॉर्मल" म्हणजे "काही नाही" असं नव्हे. एंडोमेट्रिओसिसचे पातळ डाग सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आणि वही वेगळं सांगतेय असं असेल तर वहीच्या बाजूनं उभं राहा. आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही प्रत्येक वेळी आधी दुर्बीण घालून खात्री करायचा आग्रह धरत नाहीत. लक्षणांवरून औषध सुरू करून बघता येतं. मायटोच्या पेशंटला हे फार सोयीचं, कारण एक भूल वाचते.

लॅक्टेट. हे रक्त काढताना दंडाला पट्टा घट्ट आवळून बराच वेळ ठेवला, पेशंट रडत-कण्हत असेल, किंवा नमुना तसाच ट्रेमध्ये पडून राहिला, तर आकडा खोटाच वाढतो. नमुना बर्फावर लगेच लॅबमध्ये गेला पाहिजे. बाहेरच्या कलेक्शन सेंटरवर ही टेस्ट देऊ नये, असं माझं मत आहे. जिथे लॅब त्याच इमारतीत आहे तिथेच द्या.

बाकीचं. लघवीची तपासणी आणि कल्चर, हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, साखर, थायरॉइड. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी अजून बराच आढळतो, म्हणून वजन कमी होणं, मूल न राहणं, पाळी कमी होणं असं सोबत असेल तर त्याची तपासणी सुचवली जाईल.

आतडी. मायटोच्या आजारात आतड्यांची हालचाल मंदावू शकते, आणि भरलेलं मोठं आतडं ओटीपोटात बाळंतपणासारख्या कळा देऊ शकतं. अनेकींचं निम्मं दुखणं बद्धकोष्ठाचं निघतं. इथे घरातला पहिला उपाय असतो इसबगोल, तोही घोटभर पाण्यात. मंद आतड्यात इसबगोल फुगून आणखी तुंबारा करू शकतं. मल मऊ करणारं दुसऱ्या प्रकारचं औषध डॉक्टरांकडून घ्या.

## टप्पा ६: औषधं

इथे घाई नको. एका वेळी एकच नवं औषध. दोन एकदम सुरू केली आणि त्रास झाला तर कुणामुळे झाला ते कळत नाही. आणि मायटोच्या आजारात सगळीच औषधं विषारी असतात असंही नाही. बहुतेक औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली देता येतात. भीतीपोटी दुखणं अंगावर काढणं ही दुसऱ्या टोकाची चूक.

जनुक माहीत असल्याशिवाय न घेण्याची

व्हॅल्प्रोएट: फीटचं औषध, पण मायग्रेनसाठीही लिहिलं जातं. पीओएलजी जनुकात दोष असेल तर यानं लिव्हर निकामी होऊन जीव जाऊ शकतो.

जेंटामायसिन आणि त्याच्या जातीची इंजेक्शनं, म्हणजे अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन: गर्भाशयाच्या नळ्यांचं इन्फेक्शन झालं की क्लिंडामायसिन आणि जेंटामायसिन ही जोडी सलाईनमधून देण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ ए-जी हा बदल असेल तर थोड्या डोसातही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. "इन्फेक्शन आहे, पाच दिवस सुया घ्याव्या लागतील" असं ऐकलं की सुईचं नाव विचारा. मामा, मावशी किंवा आईची आई यांच्यापैकी कुणाला अशाच कुठल्या सुयांनंतर ऐकू येईनासं झालं असेल तर ते तिथल्या तिथे सांगा. दुसरी अँटिबायोटिक्स उपलब्ध असतात.

टीबी निघाला तर एथॅम्ब्युटॉलचा परिणाम डोळ्याच्या नसेवर होऊ शकतो. लेबरचा आजार (डोळ्याची नस खराब करणारा मायटोचा प्रकार) किंवा डोळ्याची नस आधीच कमजोर असलेल्यांनी हे सांगितलंच पाहिजे. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात, ते लांबलं तर लॅक्टेट वाढवतं. मात्र टीबीची औषधं आपल्या मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टरांना बदलू द्यायची.

वेदनाशामकं

पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, पण मोठ्या माणसाची दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा धडधाकट माणसासाठी आहे. वजन कमी, जेवण तुटपुंजं, लिव्हर नाजूक असेल तर डॉक्टर ती कमी करून देतात. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे लक्षात ठेवा.

मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचा पाळीच्या दुखण्यावर चांगला उपयोग होतो, पण कळ पूर्ण चढल्यावर घेतल्या तर कमी. सुरुवात होतानाच, काहीतरी खाऊन घ्या. किडनीला त्रास असेल तर मुळीच नको. आणि एप्रिल-मे मधे सोलापूरच्या ४२-४३ अंशांत घाम गाळून, पाणी कमी पिऊन या गोळ्या रोज घेतल्या तर चांगली किडनीही कुरकुरते.

मेडिकलमध्ये "पाळीत दुखतंय" म्हटलं की जी पट्टी हातात येते तिच्यात बहुतेक वेळा मेफेनॅमिकसोबत डायसायक्लोमिन असतं. ते आतड्यांची हालचाल मंद करतं. आतडी आधीच मंद असलेल्या पेशंटला नेमकं हेच नको असतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

ट्रॅमाडॉल फीटची शक्यता वाढवतं. त्या जातीची सगळीच औषधं बद्धकोष्ठ करतात आणि श्वास मंदावतात. श्वासाचे स्नायू कमजोर असतील तर फक्त दवाखान्यात, नजरेखाली.

नसांच्या दुखण्याची औषधं

अमिट्रिप्टिलिन सुरू करण्याआधी ईसीजी मागा. प्रीगाबालिन, गॅबापेंटिननं गुंगी येते, तोल जातो. कमीत कमी डोस, रात्री, आणि पहिले काही दिवस बाथरूमला एकटीनं जाऊ नये.

हार्मोन

एंडोमेट्रिओसिससाठी डायनोजेस्टची रोजची गोळी किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू गर्भाशयात बसवणं, हे दोन मार्ग सोलापुरात सहज उपलब्ध आहेत. मेलास (मेंदूवर परिणाम करणारा मायटोचा एक प्रकार), लकव्यासारखे झटके, किंवा डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारं मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या टाळल्या जातात. डायनोजेस्टवर पहिले काही आठवडे अधूनमधून अंगावरून जातं. "गोळीनं बिघडलं" म्हणून पंधराव्या दिवशी बंद करू नका, तीन महिन्यांनी हिशेब करा. मन फार खचल्यासारखं झालं तर मात्र लगेच सांगा.

तपासा: नवी चिठ्ठी हातात आल्यावर घरी जायच्या आधी हे तीन प्रश्न विचारलेत का? हे औषध कशासाठी, किती दिवसांनी फरक दिसायला हवा, आणि काय झालं तर बंद करून फोन करायचा.

## टप्पा ७: स्नायू, शेक आणि खाणं

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आखडून राहिले की तेच दुखत राहतात, मूळ कारण बरं झालं तरी. यावर फिजिओथेरपी आहे, पण इथे मोबाईलवर बघून सगळ्या जणी आवळण्याचे व्यायाम करतात. आखडलेल्या स्नायूला आणखी आवळलं तर दुखणं वाढतं. आधी सैल सोडायला शिकायचं असतं, पोटातून श्वास घेत. मायटोच्या पेशंटनं छोट्या छोट्या वेळात, मधे विश्रांती घेऊन करावं. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना झालं तर व्यायाम जास्त झाला.

गरम पाण्याची पिशवी चालते. पायांत-कमरेत बधिरपणा असेल तर शेकाचं तापमान दुसऱ्या कुणी हातानं बघून द्यावं. संवेदना नसलेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही. पेसमेकर असेल तर विजेच्या झटक्यांचं शेकयंत्र लावू नका.

आणि उपास. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. दुखण्याच्या दिवसांत आधीच जेवण जात नाही, त्यात उपास पडला तर शरीराला जळायला काही उरत नाही. घरात हे बोलणं अवघड असतं, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर "उपास वर्ज्य" असं लिहून घ्या. सासूबाई डॉक्टरांशी वाद घालत नाहीत. दुखताना थोडं थोडं, दोन-तीन तासांनी: मऊ भात, पेज, ताक, केळं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरं वाटल्यावर.

## टप्पा ८: ऑपरेशन ठरलं तर

आधी: खरंच हवंय का? "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला आपल्या भागात फार सहज मिळतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. पिशवी काढल्यावर पाळी थांबते. मूत्राशयाचं, आतड्याचं, स्नायूचं किंवा नसेचं दुखणं थांबत नाही, आणि पिशवीबाहेर पसरलेलं एंडोमेट्रिओसिस तसंच राहतं. सोबत अंडाशयंही काढली तर कमी वयात पाळी गेल्याचे सगळे त्रास मागे लागतात. निदानाचं नाव कागदावर लिहून मिळाल्याशिवाय हो म्हणू नका, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

ऑपरेशन खरोखर गरजेचं असेल तर सर्वांत महत्त्वाची भेट सर्जनची नव्हे, भूलतज्ज्ञांची. ती ऑपरेशनच्या सकाळी टेबलावर होऊन चालत नाही. आदल्या आठवड्यात वेळ मागा आणि एका पानाचा कागद हातात द्या. बोलायचे विषय असे:

१. उपाशी राहण्याचा वेळ. "रात्री बारानंतर पाणीसुद्धा नको" ही सरसकट सूचना या आजारात चालत नाही. यादीत पहिला नंबर मागा. साधं पाणी किंवा साखरपाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते विचारा, आणि उपाशी वेळात ग्लुकोजचं सलाईन लावायची विनंती करा. मधुमेह असेल तर सोबत साखर तपासत राहावी लागते.

२. कुठलं सलाईन. लॅक्टेट वाढत असेल तर रिंगर लॅक्टेट टाळतात.

३. प्रोपोफोल. भूल देताना एक डोस आणि तासन्‌तास चालणारी धार यांत फरक आहे. लांबवर चालवणं टाळलं जातं. स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा परिणामही लांबू शकतो.

४. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरतात आणि डोकं खाली करतात. श्वासाचे स्नायू कमजोर असतील तर हे जड जातं. आयसीयूचा बेड तिथे आहे का?

५. थंडी. थिएटरमध्ये कुडकुडणं म्हणजे ऊर्जा जळणं. गरम पांघरूण, गरम केलेलं सलाईन.

सावध: यातलं काहीही ऐकून "काही होत नाही हो, रोज करतो आम्ही" एवढंच उत्तर आलं तर जागा बदला.

## टप्पा ९: सोलापूरबाहेर कधी

निदान, औषधं, साधी दुर्बीण, फिजिओ, हे इथे होतं. हृदयावर किंवा श्वासाच्या स्नायूंवर परिणाम झालेला असताना मोठी भूल लागणार असेल, एंडोमेट्रिओसिस आतड्यात-मूत्राशयात घुसलेलं असेल, किंवा तीन-चार महिने नीट उपचार घेऊनही फरक नसेल, तेव्हा बाहेर जा.

फक्त जनुकीय टेस्टसाठी पेशंटला फरफटत नेण्याची बहुतेक वेळा गरज नसते. रक्त किंवा लघवीचा नमुना पाठवता येतो. मेलासमध्ये बहुतेक वेळा आढळणारा ३२४३ ए-जी हा बदल वयानुसार रक्तात कमी होत जातो, म्हणून रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी लघवीच्या नमुन्यातून पुन्हा बघायला सांगा. हैदराबादची सीसीएमबी ही पेशी आणि जनुकांवर संशोधन करणारी संस्था या क्षेत्रात बरीच वर्षं काम करते आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय हे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचं केंद्र आहे. तुमचा आजार त्या धोरणाच्या यादीत बसतो का, हे तिथल्या विभागातच विचारा.

रेल्वेनं पुण्याला हुतात्मा, मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर किंवा वंदे भारत. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं ठरवू नका. मुक्काम धरा. डब्यात दर दोन-तीन तासांचं खाणं, औषधं हातातल्या पिशवीत, एमआरआय असेल तर फिल्म किंवा सीडी. नुसता रिपोर्ट नेला की तिथले डॉक्टर पुन्हा करायला लावतात.

## पैशांचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते ठरावीक उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांत. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) रेशनकार्ड आणि आधार दाखवून "हे ऑपरेशन योजनेत बसतं का" हे विचारा. भरती झाल्यावर किंवा पैसे भरल्यावर नव्हे. ओपीडीतल्या गोळ्या, सोनोग्राफी, जनुकीय टेस्ट यांचा खर्च योजनेतून निघेल असं धरून चालू नका. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढलेलं नसणं हे अडकण्याचं नेहमीचं कारण. आधारवर माहेरचं नाव आणि कार्डावर सासरचं असेल तर तेही आताच दुरुस्त करून घ्या, ऑपरेशनची तारीख मिळायची वाट बघत बसू नका.